नायट्रेट शून्य आहे, तरी लाल थर का जात नाही?

एका वाचक ताईंचं पत्र, थोडक्यात: त्या बँकेतून निवृत्त झाल्या असून नाशिकला राहतात. मुलगा दीड वर्षापूर्वी नोकरीसाठी जर्मनीला गेला आणि त्याची खाऱ्या पाण्याची टाकी घरी राहिली. टाकी तीन फुटी, साधारण १९० लिटरची, खाली सम्प (गाळणीची जोडटाकी) आणि स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र). आत दोन क्लाउनफिश, एक क्लीनर कोळंबी, आणि लेदर, झोअँथिड, मशरूम असे मऊ कोरल (प्रवाळ). जाण्याआधी मुलानं दोन मोठे मासे मित्राला देऊन टाकले. गेले आठ-नऊ महिने वाळूवर आणि दगडांवर गडद लाल, चिकट थर चढतो. तो 'दुधावरच्या सायीसारखा सोलून निघतो', पण पुन्हा येतो. दुकानदारानं दिलेली पावडर तीनदा टाकून झाली. दर वेळी दोन-तीन दिवसांत सगळं स्वच्छ आणि तीन आठवड्यांत पुन्हा लाल. नायट्रेट मात्र कायम शून्य. दुकानदार आता एरिथ्रोमायसिनच्या गोळ्या टाकायला सांगतो. मुलगा म्हणतो, 'डिसेंबरात येतो, सगळं रिकामं करू, दगड उकळून घेऊ आणि नव्यानं लावू.' यजमानांचं मत, देऊन टाक एकदाची. मुलाशी व्हिडिओ कॉलवर बोलताना ताई टाकीची डावी बाजूच दाखवतात, कारण तिथे थर कमी असतो. त्यांचा प्रश्न: 'मी कुठे चुकतेय आणि हे कायमचं कसं घालवू?' सोबत नोंदवहीच्या पानांचे फोटो जोडले आहेत.

ताई, नमस्कार.

टाकी रिकामी करू नका, दगड तर अजिबात उकळू नका आणि गोळ्याही टाकू नका. हे तीन 'नको' आधी सांगून टाकतो. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

तुमची वही पाहिली. दर रविवारी तापमान, क्षारता, अल्कलिनिटी, नायट्रेट, फॉस्फेट; एकही आठवडा चुकलेला नाही. पण मला रकान्यांतल्या आकड्यांपेक्षा समासातल्या बारीक अक्षरांतल्या नोंदी जास्त उपयोगी पडल्या. 'व्हिनेगर २० मिली, नेहमीप्रमाणे.' 'उजवा पंप बंद केला, मासे दमल्यासारखे दिसतात.' 'पाणी ३ लि. कमी, फिल्टरचं घातलं.' कुठे चुकतेय असं तुम्ही विचारलंय. निम्मं उत्तर या तीन ओळींत आहे, आणि त्यातलं बरंचसं तुम्ही केलेलं नाही, तुमच्याकडे चालत आलेलं आहे.

आधी त्या शून्याचं बघू. नायट्रेट शून्य म्हणजे पाणी स्वच्छ, आणि पाणी स्वच्छ असेल तर थर यायलाच नको, असा तुमचा हिशेब आहे. पण चाचणी फक्त पाण्यात उरलेलं नायट्रेट मोजते. दिवसभरात किती आलं आणि कुणी किती खाल्लं, याचा पत्ता तिला नसतो. दुसरं असं की तुमच्या टाकीतल्या या पाहुण्याला नायट्रेटची फारशी गरजच नसावी. तो लाल थर सायनोबॅक्टेरियाचा आहे. दिसतो शेवाळासारखा, पण हे जिवाणू आहेत, झाडांसारखं उन्हावर अन्न तयार करणारे. यांचेच भाऊबंद आपल्याकडे भातशेतकऱ्याला चांगले ठाऊक आहेत: निळं-हिरवं शेवाळ म्हणून खाचरात सोडतात ते, किंवा अझोलाच्या पानांत राहतं ते अ‍ॅनाबिना. ते खाचरात का सोडतात? हवेतलं नत्र बांधून पिकाला देतात म्हणून. खाऱ्या पाण्यातल्या यांच्या बऱ्याच जातींनाही ती विद्या येते. पाण्यात नायट्रेट नसलं, तरी विरघळलेल्या नायट्रोजन वायूवर त्यांचं भागतं. त्यांना हवं असतं ते स्फुरद, म्हणजे फॉस्फरस; पाण्यात ते फॉस्फेटच्या रूपात असतं. आणि तुमच्या वहीत ज्या ज्या रविवारी नायट्रेट शून्य आहे, त्या प्रत्येक रविवारी फॉस्फेट ०.१२ ते ०.१५ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) आहे.

आता हे शून्य आलं कुठून? व्हिनेगरमधून. मुलानं ते उगाच सुरू केलं नव्हतं. टाकीत व्हिनेगर थोडं थोडं घातलं की त्यातला कार्बन खाऊन साधे जिवाणू वाढतात, वाढताना पाण्यातलं नायट्रेट आणि फॉस्फेट अंगात घेतात, आणि स्किमर त्यांना फेसाबरोबर बाहेर काढतो. जुनी, चालणारी पद्धत आहे. पण सजीवांच्या शरीरात या घटकांचं एक ठरावीक प्रमाण असतं. अमेरिकी शास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी १९३४ साली समुद्री प्लवकांत (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांत) ते दाखवून दिलं. आज ते १०६ भाग कार्बन, १६ भाग नायट्रोजन, १ भाग फॉस्फरस असं मांडतात. म्हणजे फॉस्फरसचा एक कण उचलायला नायट्रोजनचे सोळा लागतात. नायट्रोजन आधी संपला की या जिवाणूंची वाढ तिथेच अडते, आणि उरलेलं फॉस्फेट पाण्यात तसंच राहतं. अशा पाण्यात कुणाचं फावणार? ज्याला स्वतःचं नत्र स्वतः बनवता येतं त्याचं.

मुलगा होता तेव्हा टाकीत चार मासे होते, त्यांतले दोन मोठे. खाणं जास्त, विष्ठा जास्त, म्हणून नायट्रेटही जास्त. २० मिलीचा डोस त्या टाकीसाठी बसवलेला होता. दोन मोठे मासे गेले, खाणं निम्म्यावर आलं, डोस मात्र तोच राहिला. तुमच्या वहीत नायट्रेट पाचावरून दोनावर आणि मग शून्यावर उतरत गेलेलं दिसतं, आणि शून्याच्या पाचव्या-सहाव्या आठवड्यात समासात पहिल्यांदा 'वाळूवर लालसर डाग' असं लिहिलेलं आहे. तुम्ही नेमून दिलेलं काम चोख केलंत. बदललेली टाकी होती.

तेव्हा व्हिनेगर कमी करायचं, पण एकदम तोडायचं नाही. त्यावर पोसलेले जिवाणू एकाच वेळी मेले तर पाणी गढुळतं आणि ऑक्सिजन खाली येतो. दर आठवड्याला ५ मिली कमी करा, महिन्याभरात बंद होईल. त्यानंतर नायट्रेट ५ ते १० पीपीएमच्या दरम्यान स्थिरावलं पाहिजे. बहुतेक ते आपणहून चढेल. दीड-दोन महिने थांबूनही शून्यच राहिलं, तर बाहेरून नायट्रेट घालावं लागतं. हे वाचून दुकानदार तुमच्याकडे विचित्र नजरेनं बघेल, बघू द्या. १९० लिटरला १ पीपीएम चढवायला साधारण २६० मिलिग्रॅम शुद्ध सोडियम नायट्रेट लागतं, म्हणजे चिमूटभरही नाही. म्हणून घरी तोलत बसण्यापेक्षा मत्स्यालयासाठी मिळणारं तयार द्रावण बरं. तुम्ही नाशिकच्या, म्हणून एक जादा सूचना: नात्यागोत्यात कुणाची द्राक्षबाग असेल आणि घरात १३:००:४५ ची पिशवी पडलेली असेल, तर 'हेही नायट्रेटच की' असं म्हणून ती उघडू नका. त्यात पोटॅशियमही बरंच असतं आणि शेतीच्या खताच्या शुद्धतेची खात्री नसते.

फॉस्फेटच्या मागे मात्र आत्ता हात धुऊन लागू नका. ते ०.०३ ते ०.१ च्या मध्ये आलं की पुरे, आणि तेही हळूहळू. फॉस्फेट शोषणारा माल ओतून दोन्ही आकडे शून्यावर आणणारे लोक मी पाहतो. मग सायनोच्या जागी डायनोफ्लॅजेलेट (डायनो) नावाचे एकपेशीय जीव येतात, गोगलगायी मरायला लागतात, आणि माणूस आगीतून फुफाट्यात पडतो.

त्यावरून आठवलं, तुमचा थर सायनोच आहे याची एकदा खात्री करून घ्या. वर्णनावरून तोच वाटतो: गडद लाल, सलग, सोलून निघणारा, दुपारी अंगावर बुडबुडे धरणारा. डायनो असेल तर रंग तपकिरी आणि पोत शेंबडासारखा, तारा सुटणारा. नव्या टाकीत वाळूवर जी तपकिरी धूळ बसते ते डायटम, म्हणजे एकपेशीय शेवाळ, त्यांची काळजी नको. घरच्या घरी करता येईल अशी एक परीक्षा आहे. थोडासा थर टाकीच्याच पाण्यात बाटलीत घालून जोरजोरात हलवा, कॉफीच्या कागदी फिल्टरमधून गाळा आणि गाळलेलं पाणी तासभर उजेडात ठेवा. त्यात पुन्हा गुठळ्या-तारा जमल्या तर डायनोचा संशय घ्यावा. ओळखीत कुणी कॉलेजात जीवशास्त्र शिकवत असेल तर आणखी सोपं: सूक्ष्मदर्शकाखाली सायनो बारीक धाग्यांसारखे दिसतात, डायनोच्या गोलसर पेशी गिरक्या घेत असतात.

आता पावडर. ती तीनही वेळा चालली याचं आश्चर्य नाही. जिवाणूंवर जिवाणूमारक चालणारच. पण ती थर मारते, थर येण्याचं कारण मारत नाही. मेलेल्या थरात साठलेलं फॉस्फेट पुन्हा पाण्यात, नायट्रेट पुन्हा शून्य, आणि वाळू मोकळी करकरीत. त्या मोकळ्या जागेवर सगळ्यात आधी कोण उगवणार? तुमचे तीन आठवडे हे त्याचंच उत्तर आहे. एखाद्या कोरलवर थर चढून ते गुदमरायला लागलं, तर पावडर एकदा वापरायला माझी हरकत नाही. हवेचे बुडबुडे सोडणारा दगड (एअर स्टोन) लावून, स्किमरचा कप काढून, आणि सांगितलेल्या वेळी पाणी बदलून. एरवी नको.

एरिथ्रोमायसिनला मात्र माझा साफ विरोध आहे. ते माणसांचं औषध आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळायचं. टाकीत अंदाजानं टाकायचं, उपयोगी जिवाणूंवरही त्याचा मारा करायचा आणि मग ते पाणी मोरीत ओतायचं, म्हणजे औषधाला न जुमानणारे जिवाणू तयार करायचा घरगुती कारखानाच. दुकानदारानं सांगितलं म्हणून तो कारखाना तुमच्या हॉलमध्ये कशाला?

पंपाकडे येऊ. मासे दमतात म्हणून तुम्ही उजवा वेव्हमेकर (टाकीत प्रवाह करणारा पंप) बंद केलात. ताई, क्लाउनफिश प्रवाळांच्या खडकांत राहतात, जिथे पाणी दिवसरात्र हलत असतं. प्रवाहात ते थोडे झुलतात, एका जागी तोल सावरत राहतात. ते दमणं नाही, ती त्यांची रोजची चाल आहे. अशा टाकीत तासाला टाकीच्या वीसपट तरी पाणी फिरायला हवं, म्हणजे तुमच्याकडे ३,८०० लिटर. एकट्या डाव्या पंपाला ते जमत नाही, आणि डावी बाजू तुलनेनं स्वच्छ का राहते याचं कारणही तेच. एक करून पाहा: ६० मिलीची मोठी सिरिंज घ्या (औषधाच्या दुकानात मिळते, सुई नको), ती उजवीकडच्या मागच्या कोपऱ्यात दगडाखाली धरून जोरात पाणी सोडा. राखाडी-तपकिरी ढग उठेल. तो न खाल्लेल्या खाण्याचा आणि विष्ठेचा गाळ. लाल थर त्यावर पांघरुणासारखा पसरला की खाली ऑक्सिजन उरत नाही, गाळ तिथेच कुजतो आणि सुटणारं स्फुरद थराला जागच्या जागी मिळतं. म्हणून वरचं पाणी कितीही बदललं तरी त्याला ढिम्म फरक पडत नाही. उजवा पंप आजच चालू करा, तोंड थोडं वर आणि मागच्या काचेकडे, म्हणजे वाळू उडणार नाही. आठवड्यातून दोनदा सिरिंजनं दगडांच्या फटी फुंकून काढा. वीज जाण्याचा त्रास असेल तर दोन्हींतला निदान एक पंप इन्व्हर्टरवर घ्या.

'फिल्टरचं पाणी' म्हणजे स्वयंपाकघरातल्या आरओचं, असं मी धरून चालतो. पिण्यासाठी ते उत्तम आहे, टाकीसाठी नाही. घरगुती आरओ यंत्रांत बहुधा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) कंट्रोलर असतो. पाण्याला चव राहावी म्हणून तो गाळलेल्या पाण्यात थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतो. त्यामुळे मीटरवर ५०, ८०, कधी १०० च्या वरही आकडा येतो. टाकीतून वाफ होऊन जातं ते निव्वळ पाणी, मागे सगळं तसंच राहतं. तुम्ही रोज ३ लिटर भरता. त्याचा टीडीएस ८० असेल, तर महिन्याला सात ग्रॅमहून जास्त नको असलेले क्षार टाकीत जमतात. त्यातलं बरंचसं निरुपद्रवी असेल. पण समजा त्या पाण्यात लिटरमागे फक्त ०.१ मिलिग्रॅम फॉस्फेट आहे, तर महिन्याला ९ मिलिग्रॅम झालं, आणि एवढ्यानं तुमच्या टाकीतली पातळी जवळजवळ ०.०५ नं चढते. खाण्यातून येतं ते वेगळंच. मुलगा कुठलं पाणी वापरायचा ते त्याला विचारा. माझा अंदाज आहे की सिंकखाली किंवा बाल्कनीत एक वेगळी आरओ-डीआय (आरओनंतर उरलेले क्षारही काढणारी) जोडणी पडून असेल आणि तिचं क्षार शोषणारं रेझिन केव्हाच संपलं असेल. नसेल, तर ओळखीच्या प्रयोगशाळेतून किंवा दुकानातून टीडीएस शून्य असलेलं पाणी कॅननं आणा. महिन्याला ९० लिटरच लागतं. दोन-चारशे रुपयांत येणारा टीडीएस मीटर मात्र लगेच घ्या. मीठ कालवायच्या पाण्यालाही हाच नियम.

थर हातानं काढायचा तर घासू नका. घासल्यानं तुकडे होतात आणि प्रवाहाबरोबर सगळीकडे जाऊन रुजतात. ओढून काढा. गवंड्याकडे असते तसली पारदर्शक लेव्हल नळी हार्डवेअरच्या दुकानात मिळते, तिनं. वेळ दिवे बंद व्हायच्या तासभर आधीची. दिवसभर थरानं तयार केलेल्या ऑक्सिजनचे बुडबुडे त्याच्या पोटात अडकलेले असतात, थर वाळूपासून थोडा सुटलेला असतो आणि नळीत सलग खेचला जातो. सकाळी हेच काम करायला जाल तर निम्मी वाळू बादलीत येईल. नळी तोंडानं ओढू नका. हातमोजे घाला. बादलीतलं पाणी परत टाकीत घालायचं नाही, तेवढं नवं खारं पाणी भरायचं. आठवड्यातून एकदा, असं महिना-दीड महिना.

उजेड हा छोटा मुद्दा आहे. तुमचे दिवे अकरा तास चालतात, ते खूप झाले, आठ पुरे. संध्याकाळी टाकीसमोर बसायला आवडतं असं तुम्ही लिहिलंय, तर दुपारी एकला चालू आणि रात्री नऊला बंद, असा टायमर लावा. टाकीला सकाळ केव्हा होते याच्याशी कोरलना देणंघेणं नसतं, रोज एकाच वेळी झाली म्हणजे झालं. तीन दिवस पूर्ण अंधार करण्याचा उपायही लोक सांगतात. त्यानं थर मागे हटतो, पण पावडरीसारखीच ती उसनी सवड आहे. करायचाच तर नायट्रेट दिसायला लागल्यावर करा, आधी नाही.

हे सगळं एका रविवारी एकदम करू नका. पंप आणि पाणी आज, व्हिनेगर टप्प्याटप्प्यानं. पहिले दोन-तीन आठवडे थर वाढल्यासारखाही वाटेल. मग काचेवर हिरवट पापुद्रा धरायला लागेल, रोज पुसावा लागेल, तुम्ही वैतागाल. तो दिसला की समजा बाजू पालटते आहे: त्या हिरव्याला पाण्यातलं नायट्रेट लागतं, आणि ते त्याला मिळायला लागलंय. सायनो 'कायमचे' जाणार नाहीत, ताई. अब्जावधी वर्षांपासून ते पृथ्वीवर आहेत, आपल्याला श्वासाला मिळणारा ऑक्सिजन हवेत प्रथम त्यांनीच भरला. निरोगी टाकीतही ते कुठे ना कुठे असतातच. सलग गालिचा अंथरण्याइतकी जागा त्यांना मिळू नये, एवढंच आपण बघायचं.

असाच त्रास असलेल्या इतर वाचकांनी मात्र ताईंचं औषध डोळे मिटून घेऊ नये. टाकी चार-सहा महिन्यांच्या आतली असेल तर थर ओढून काढा आणि थांबा. नव्या, कोऱ्या दगडांवर हे होतंच. नायट्रेट ५० आणि फॉस्फेट ०.५ पीपीएम असेल तर तुमचा प्रश्न उलटा आहे: खाणं कमी करा, गोठवलेलं खाणं गाळणीत धुऊन द्या, पाणी बदला. टी-५ ट्यूबलाइट वापरत असाल आणि वर्ष उलटून गेलं असेल तर त्या बदला. कोकणात किंवा गोव्यात किनाऱ्यावरून पाणी आणून टाकी भरणारे काही जण आहेत. त्यांनी फेब्रुवारी ते मेमध्ये पाण्यावर लाकडाच्या भुशासारखी तपकिरी तवंगाची पट्टी दिसते का ते पाहावं. ते ट्रायकोडेस्मियम, तरंगणारे सायनोच. अरबी समुद्रात त्यांचा बहर नेहमीचा आहे, पण ते पाणी टाकीत नको. खाडीच्या तोंडाचं तर कधीच नको.

आता मुलाचा बेत. दगड उकळण्यावर मी सुरुवातीलाच एवढा अडून बसलो, कारण तुमच्या टाकीत झोअँथिड आहेत. त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. असे दगड घरात उकळल्यानं वाफेतून विषबाधा होऊन माणसं रुग्णालयात पोचल्याची उदाहरणं परदेशात नोंदलेली आहेत. उकळणं नाही, गरम पाणी ओतणं नाही, कोरडे झाल्यावर ब्रशनं घासणं नाही. आणि विषाचा मुद्दा बाजूला ठेवला तरी रिकामं करून हाती काय लागणार? त्या दगडांत वर्षानुवर्षं वसलेली जिवाणूंची वस्ती हेच तुमच्या टाकीचं भांडवल आहे. ते मोडून कोरी पाटी केलीत तर सायनोला पहिल्यापेक्षा मोठं अंगण मिळेल. 'समुद्रातला जिवंत खडक घाला, सगळं ठीक होईल' असं सांगून कुणी काही विकायला आलं तर घेऊ नका. असा खडक बहुधा दगडी प्रवाळांचाच बनलेला असतो. त्यांना आपल्याकडे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि असा खडक कुठून आला हे विकणाराही धड सांगत नाही. ओळखीतल्या एखाद्या निरोगी टाकीतली मूठभर ओली वाळू मिळाली तर ती आणा, बरीच उपयोगी पडेल.

यजमानांचा पर्याय मी हसण्यावारी नेणार नाही. क्लाउनफिश नीट ठेवले तर टाकीत वीस वर्षांहून जास्त जगल्याचीही उदाहरणं आहेत. मुलगा परत यायचा कधी, हे ठरलेलं दिसत नाही. म्हणजे ही जबाबदारी डिसेंबरात संपणारी नाही. तुमच्या पत्रात मुलाला काय वाटेल हे बऱ्याचदा येतं, यजमान काय म्हणतात हेही येतं. टाकी तुम्हाला हवी आहे का, हे कुठेच येत नाही. संध्याकाळी समोर बसायला आवडतं, एवढं एकच वाक्य त्या बाजूचं सापडलं. हवी असेल तर ती मुलाची ठेव म्हणून न सांभाळता स्वतःची म्हणून ठेवा: तुम्हाला झेपेल तेवढीच, व्हिनेगरशिवाय, दोन मासे आणि मऊ कोरल. नको असेल तर देण्यात काहीच गैर नाही. फक्त आधी थर आटोक्यात आणा, म्हणजे घेणाराही आनंदानं घेईल, आणि मासे-कोरल अनुभवी माणसाच्याच हाती जाऊ देत.

मुलाला यातलं काही कळू न देणं मात्र आता पुरे. त्याला ताकास तूर लागू दिली नाहीत, म्हणून तो जर्मनीत बसून चार माशांच्या टाकीचे सल्ले देतोय. रागवेल असं मला वाटत नाही. रागावलाच तर वहीची पानं पाठवा, पहिल्या डागाच्या तारखेवर खूण करून. नायट्रेट शून्यावर गेलं आणि दीड महिन्याच्या आत थर आला, एवढं दिसलं की त्याचं तोच म्हणेल की डोस मीच कमी करायला हवा होता.

डिसेंबरात त्याला काम हवंच असेल तर ते आहे. उजवीकडचा मागचा मोठा दगड, फोटोत दिसतो तो, काचेला जवळजवळ चिकटून बसलाय आणि त्याच्या मागे कुठलाच पंप पोचणार नाही. तो काचेपासून चार बोटं पुढे घ्यायला हवा. त्यावर झोअँथिड आहेत, म्हणून हातमोजे आणि चष्मा घालूनच. एकाला उचलताना दुसऱ्यानं सिरिंज आणि नळी धरावी लागेल, खालून बराच गाळ निघेल. तुम्ही एकट्यानं तो हलवायला जाऊ नका.